रेडिओची कुंची

सन चौऱ्याहत्तर साली जतच्या पेठेत नाथाजी मिस्त्रीला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. आणि त्याचा डावा कान पार गेलाय, उजवाही निघायच्या बेतात आहे, हे ठाऊक असलेला माणूसही सापडला नसता. धंदा रेडिओ दुरुस्तीचा, आणि मिस्त्री कानानं अधू! आता ही गोष्ट कुणापाशी बोलायची, सांगा बघू? नाथाजीनं ती बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

माणूस मूळचा रहिमतपूरकडचा. घरी ऊस, विहीर, दोन भाऊ, आणि घरटी एक पोरगा फौजेत द्यायची चाल. नाथाजी सिग्नलमध्ये भरती झाला, जबलपूरला शिकला आणि पंधरा वर्षं वायरलेसचे सेट पाठीवर वागवून आला. पासष्टच्या लढाईत त्याचा सेट तोफांच्या पार बुडाशी होता. तीन दिवस तोफा वाजल्या आणि चौथ्या दिवशी कानात शिट्टी वाजायला लागली, ती काही थांबेना. डॉक्टरला सांगितलं तर सेटवरून काढतील, लंगरात कांदे चिरायला बसवतील, म्हणून हा पठ्ठ्या गप्प बसला. एकोणसत्तर साली मुदत संपवून घरी आला, तेव्हा कागदावर त्याचे दोन्ही कान ठणठणीत होते.

बरोबरचा शिपाईगडी आकाराम जतचा. तो म्हणाला, "आमच्या मुलखात पानी न्हाई पर रेडू लय झाल्यात गड्या. मिस्त्री एकबी न्हाई. माजी पेठंतली खोली घे." नाथाजीनं बायकोला, शालूबाईला, घेतलं, हत्यारांची पेटी घेतली आणि आला. पाण्याखालची जमीन सोडून हा कुसळात राहायला गेला, म्हणून भावांनी कपाळाला हात लावला. पण ह्याला ऊस आवडायचा नाही आणि उघडलेल्या रेडिओचं पोट बघितलं की भूक विसरायची, त्याला कोण काय करणार?

कान जात होता तसा तो युक्तीनं दिवस ढकलत होता. गिऱ्हाईक बोलायला लागलं की त्याच्या ओठांवर नजर. रेडिओ लावला की दोन बोटं स्पीकरच्या कागदावर, म्हणजे थरथर कळते. बाकी सगळी भिस्त वीज मोजायच्या मीटरवर. आवाज मोठा की लहान एवढं उजव्या कानाला समजायचं, पण आवाजातलं जे बारीक असतं, कड असते, चरा असतो, ते सगळं पुसून गेलं होतं. गाणं त्याला भिंतीपलीकडून आल्यागत यायचं. स्टँडाजवळ मानसिंग नावाच्या तरण्या गड्यानं नवीन दुकान टाकलं होतं, त्याचे कान हरणाचे. त्या दुकानाची पाटी दिसली की नाथाजी मान फिरवून पलीकडच्या कडेनं जायचा.

आणि अशात सुलाबाई आली.

सुलाबाई जतपासून सात-आठ मैलांवरच्या एका वस्तीवरची. नवरा बिराप्पा मेंढरं घेऊन माळानं हिंडणारा. ही वस्तीवर कोकरं सांभाळायची आणि पाऊस पडला तर जोंधळा करायची. एकुलता अर्जुना फौजेत, तिकडं पार बर्फात. मागच्या सुट्टीला येताना त्यानं आईला सेलवरचा लहान रेडिओ आणला होता. "आये, मी नसलो तरी ह्यो बोलंल तुज्यासंगं," म्हणाला आणि गेला.

ती पहिल्यांदा आली ती सकाळच्या पहिल्या एस.टी.नं. रेडिओ पांढऱ्या धुतल्या टॉवेलात गुंडाळलेला. "आवं मिस्त्री, ह्येचा आवाज फाटतोय बगा. दुपार झाली की घसा बसल्यागत बोलतोय, आन् सेल तर आठ दिवस टिकंना झाल्यात."

नाथाजीनं लावला. बोटाला थरथर नीट लागली. मीटरचा काटा जिथं पाहिजे तिथं. त्यानं आतली धूळ झाडली, एका तारेचा सैल झालेला कथलाचा डाग पुन्हा दिला आणि म्हणाला, "झालं अक्का. घेऊन जा."

पंधरा दिवसांनी बाई पुन्हा हजर. आवाज फाटतोय. त्यानं आवाजाचं बटण बदललं. आणखी पंधरा दिवसांनी पुन्हा. त्यानं अख्खा स्पीकर बदलला. चौथ्या खेपेला मात्र दुकानाच्या बाकड्यावर चार माणसं बसलेली होती. सुलाबाईनं टॉवेल सोडला, रेडिओ लावला, आणि तो असा खणखणीत बोलायला लागला की ती बाई हरखली आणि चिडलीही.

"हितं बगा कसा ग्वाड बोलतोय! आन् घरी गेला की फाटतोय! आवं मिस्त्री, तुमाला ऐकू येत न्हाई का काय?"

बाकड्यावरची माणसं हसली. बाई सहज बोलून गेली होती, तिच्या मनात काही नव्हतं. पण नाथाजीच्या मनात शंका शिरली. रेडिओ इथंसुद्धा फाटत असला तर? बाई भिडस्त असेल, चारचौघांत मिस्त्रीचे वाभाडे नकोत म्हणून गोड म्हणत असेल, आणि आपल्याला मात्र काहीच कळत नाहीये, असं तर नाही? त्या दिवशी त्याला शालूबाईनं वाढलेलं जेवण गेलं नाही.

रात्री अंथरुणात पडून त्यानं मनाशी गाठ मारली. रेडिओ जिथं फाटतो तिथं जायचं आणि फाटतो त्याच वेळेला जायचं. दोष रेडिओत निघाला तर ठीक. दोष कानात निघाला तर दुकानाला कुलूप, आकारामला किल्ली, आणि रहिमतपूरला भावांच्या उसाला पाणी पाजायला हजर.

वैशाखाचं ऊन. फाट्यावर एस.टी.नं सोडलं तेव्हा अकरा वाजले होते आणि तिथनं दीड मैल पायी. खांद्याला पिशवी, पिशवीत मीटर, डाग द्यायची सळई, पक्कड आणि भंगारातले चार तुकडे. डोक्याला पंचा बांधून तो चालत होता आणि मनात देवाला सांगत होता, रेडिओ बिघडलेला असू दे रे बाबा. मिस्त्री असून असलं मागणं मागणारा हा पहिलाच.

सुलाबाई दारातच होती. मिस्त्री आपल्या दारी उन्हातान्हाचा आलेला बघून तिची धांदल उडाली. गूळ-पाणी झालं, ताकाचा गडू झाला. "आन् रेडू कुटं हाय?" त्यानं विचारलं, तसं तिनं अंगणातल्या बाभळीकडं बोट दाखवलं.

फांदीला रेडिओ लटकत होता. आणि त्याच्या अंगावर चक्क कुंची होती! तान्ह्या लेकराला घालतात तशी, डोक्यावरून पाठीपर्यंत उतरलेली, काळ्या घोंगडीची, दुहेरी, कडेला लाल दोऱ्याचा टाका. फक्त बोलायच्या तोंडापुरती मोकळी. बाभळीची सावली कधीच सरकून गेली होती आणि ते बाळ उन्हात भाजत होतं.

"हे काय हो अक्का?"

"कुंची न्हवं का. म्या शिवली," बाई अभिमानानं म्हणाली. "बाजाराला न्हेताना काडून ठिवते. मेंढराचा वास येतोय, पेठंत लोक नाक मुरडत्यात. म्हनून टावेल."

म्हणजे चार खेपांत त्याला ही कुंची दिसलीच नव्हती. पण अजून त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. त्याचा सगळा जीव कानात गोळा झाला होता. तो बाभळीखाली उभा राहिला, उजवा कान रेडिओला जवळजवळ टेकवला.

"आता बगा," सुलाबाई म्हणाली. "फाटला का न्हाई? कसा करकरतोय, बगा की!"

नाथाजीनं डोळे मिटले. कोणीतरी बाई शेतीविषयी काही सांगत होती. आवाज होता तसाच, भिंतीपलीकडचा. करकर नाही, चरा नाही, काही नाही. संपलं म्हणायचं. आधी फौजेत आणि मग पेठेत जे नऊ वर्षं लपवलं, ते इथं एका बाभळीखाली उघडं पडलं होतं.

पण हात सवयीचे. मन खचलं तरी हात काम करतात. त्यानं रेडिओ फांदीवरून काढला आणि कुंचीला हात लागताच चपापला. घोंगडी तव्यासारखी तापली होती. त्यानं ती उतरवली, मागची पाठ उघडली, आत बोट घातलं. शेवटचे दोन ट्रान्झिस्टर, जे स्पीकर हाकतात, त्यांना बोट लावलं आणि चटका बसून मागं घेतलं. त्यानं सेलच्या वाटेत मीटर जोडला. काटा जिथं असायचा त्याच्या तिप्पट पुढं!

"अक्का, एक फडकं भिजवून आणा. आन् मी सांगतो तसं बोला. आवाज चांगला झाला की 'चांगला' म्हना, फाटला की 'फाटला' म्हना. दुसरं काय बोलू नका."

तो रेडिओ घेऊन छपरात सावलीला बसला. ओलं फडकं त्या दोन ट्रान्झिस्टरांच्या टोप्यांना अलगद लावलं. काटा हळूहळू खाली यायला लागला. नाथाजीची नजर काट्यावर, आणि सुलाबाईच्या ओठांवर.

"चांगला!" ती ओरडली. काटा जाग्यावर आला होता.

पुन्हा कुंची, पुन्हा ऊन. थोड्या वेळानं काटा चढला. "फाटला!" पुन्हा सावली, पुन्हा फडकं. "चांगला!" तीन वेळा केलं, तिन्ही वेळा काट्याची आणि बाईची साक्ष एकच निघाली. नाथाजीला मात्र तिन्ही वेळा काडीचा फरक ऐकू आला नाही.

आता ह्याला काय म्हणायचं? रेडिओ खरंच बिघडत होता. आणि त्याला खरंच ऐकू येत नव्हतं. देवाकडं एक मागितलं आणि देवानं दोन्ही पदरात टाकलं.

सुलाबाईला ह्यातलं काही कळलं नव्हतं. तिला वेगळाच घोर. "आवं पर येवढं उन्हाला भ्यायाला त्यात हाय तरी काय? लोखंडच की. आमची कुऱ्हाड दिसभर उन्हात पडती, तिला काय व्हत न्हाई."

नाथाजीला हे सोपं होतं. मनातलं भय बाजूला सारायला त्याला काहीतरी हवंच होतं. "तुमच्याकडं गंधक हाय? मेंढराच्या खरजंला लावता ते?"

"हाय की." तिनं कोनाड्यातला पिवळा खडा आणून दिला.

त्यानं जमिनीवर तीन वस्तू मांडल्या. एका जुन्या ट्रान्सफॉर्मरची केसाएवढ्या तांब्याच्या तारेची गुंडाळी, गंधकाचा खडा, आणि पिशवीतला एक जळका ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टरची टोपी पक्कडीनं फोडली आणि आतला तिळाएवढा कण तळहातावर घेऊन तिच्यापुढं धरला.

"चांदी हाय!" सुलाबाई म्हणाली.

"चमकते म्हनून चांदी म्हनता. आता बगा." त्यानं तांब्याच्या तारेचं टोक दगडावर ठेवून ठोकलं. ते चपटं झालं, तुटलं नाही. गंधक ठोकला, त्याचा भुगा झाला. तो चमकणारा कण ठोकला, तर काचेच्या बांगडीगत चूर! "धातूचं रूप हाय, पर धातूचा सोशीकपणा न्हाई. ह्याला जर्मेनियम म्हनत्यात. आमचा जबलपूरचा हवालदार शिकवायचा, काही जिन्नस धातू, काही अधातू, आन् काही ह्या दोघांच्या मधले. पोरांच्या बुकात त्यांना धातुसदृश लिवत्यात. नवीन रेडूत सिलिकॉन घालत्यात, त्योबी ह्यांच्यातलाच, पर उन्हाला जरा दमदार."

"आन् ते मधलं कशाला घालायचं? सरळ तांबं घालावं की!"

अशी हुशार बाई! नाथाजीला हसू आलं. त्यानं मीटर पुढं ओढला. तांब्याच्या गुंडाळीला लावला, काटा सरकन पुढं पळाला. गंधकाला लावला, काटा जागचा हलला नाही. एक धड ट्रान्झिस्टर काढून त्याला लावला, तर काटा जेमतेम उठून थांबला.

"तांब्यातनं वीज बेलाशक जाते, अडवता येत न्हाई. गंधकातनं जातच न्हाई, मग सोडणार काय? ह्यो मधला आपलं ऐकतो. जरा इशारा दिला की जास्त सोडतो, इशारा काढला की आवळतो. रेडूला असाच गडी लागतो. पर त्याची एक खोड हाय."

त्यानं चुलीतला निखारा चिमट्यानं काढून गुंडाळीजवळ धरला. तांबं तापलं तसा काटा थोडा मागं आला. "बघितलं? धातू तापला की वीज जरा कमी सोडतो." निखारा ट्रान्झिस्टरजवळ नेला आणि काटा उलटा, पुढं पुढं पळत सुटला. "आन् ह्यो तापला की जास्त सोडतो. जास्त वीज गेली की आणखी तापतो, आणखी तापला की आणखी सोडतो. मग कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई. आवाज फाटतो, सेल पितो." त्यानं गंधकालाही निखारा दाखवला. खडा वितळून लाल झाला, खाट वास सुटला, पण काटा मेल्यासारखा पडून होता. सुलाबाईनं पदर नाकाला लावला आणि "पुरं, पुरं!" म्हणाली.

मग तिची नजर कुंचीकडं गेली आणि चेहरा उतरला.

"म्हंजी म्याच त्याला भाजून काडत व्हते?"

"घोंगडी हाय अक्का. ऊब धरून ठेवणं तिचा धर्मच. आतली गरमी तिनं भाईर जाऊ दिली न्हाई."

"अर्जुना बर्फात हाय," ती खाली बघत म्हणाली. "तितं रक्त गोठतंय म्हनं. त्याला हितनं घोंगडी धाडली तर पोचती का न्हाई देवाला ठावं. मग त्यानं दिल्यालं तरी हिकडं गारठू न्हाई म्हनून..." बर्फ नाथाजीनंही बघितलं होतं, आणि त्याच्या आईनंही रहिमतपूरला काय काय खुळेपणा केला असेल हे आता विचारायला ती राहिली नव्हती.

त्यानं तांब्याची एक पट्टी कापली, दोन्ही ट्रान्झिस्टरांच्या टोप्यांभोवती घट्ट वळवली आणि तिचं टोक पंखासारखं मोकळं सोडलं. आतली गरमी तांब्यानं ओढून बाहेर टाकावी म्हणून. सळई चुलीत तापवून एक डाग दिला. रेडिओ लावला, आणि सवयीनं मान हलवून म्हणणार होता, "झालं बगा, बेस." तोंडापर्यंत आलेलं ते खोटं त्यानं गिळलं.

"सुलाक्का, आवाज कसा हाय ते तुमीच सांगा. मला कळत न्हाई."

"म्हंजी?"

"मला ऐकू येत न्हाई. मगाशी फाटला तेबी आलं न्हाई. डावा कान लढाईत गेला. उजवाबी चाललाय." एवढं बोलून नाथाजीनं पंच्यानं तोंड पुसलं.

सुलाबाई मांडी घालून समोर बसली आणि 'मिस्त्री' सोडून सरळ लेकराशी बोलावं तशी अरे-तुरेवर आली. "आन् येवढं वझं घिऊन हिंडत व्हतास व्हय रं? आमच्या म्हाताऱ्याला एका डोळ्यानं दिसत न्हाई. दीडशे मेंढरं राकतो. त्या अंगाचं त्याला मी सांगते, न्हाईतर कुत्रं सांगतंय. त्यात लाज कसली? ठिव तो रेडू हितं. मी ऐकते, तू पिरगाळ."

आणि तिनं ऐकलं. जरा जास्त, जरा कमी, आता घोगरा, आता बेस. त्यानं तिच्या सांगण्यावर रेडिओ लावून दिला. कुंची तिनं घडी करून एका अशक्त कोकराच्या अंगावर घातली.

घरी जाऊन त्यानं शालूबाईला सांगितलं. ती अशी उसळली! "दोन सालं माझा घसा सुजलाय वरडून वरडून! आन् तुमी म्हनायचा, बाई लय भांडखोर झाली!" मग ती रडली, आणि मग दोघंही हसली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. नाथाजीनं लवकर दुकान उघडलं आणि पाटीखाली खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं: 'मिस्त्रीला कमी ऐकू येते. मोठ्याने बोलावे. दुरुस्तीनंतर आवाज मालकाने स्वतः ऐकून सांगावा.' लिहून आत बसला खरा, पण नजर रस्त्यावरच. लोक पाटी वाचून मानसिंगकडं वळतील, हे त्याला धडधडीत दिसत होतं. दोघं थांबले, वाचलं, पुढं गेले. त्यानं खडूची अक्षरं पुसायचं फडकं हातात घेतलं.

तेवढ्यात उमदी गावाकडचं जुनं गिऱ्हाईक, नानासो, रेडिओ घेऊन आला. त्यानं बोट फिरवत पाटी वाचली, पुन्हा एकदा वाचली, आत आला आणि नाथाजीच्या उजव्या कानाजवळ तोंड नेऊन अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असा ओरडला, "मिस्त्री! माजा रेडू खरखरतोय! आन् तुमी बसा निवांत, ऐकायला मी हाय!"

नाथाजीनं फडकं खाली ठेवलं. कितीतरी दिवसांनी कुणाच्या ओठांकडं न बघता त्याला एक अख्खं वाक्य ऐकू आलं होतं.